ओसरीवरचं ऑफिस

"अगं, ही पोर दिवसभर त्या डब्याकडे बघत बसते. हिला पगार कोण देतं आणि कशाचा देतं?"

सासूबाईंचा हा प्रश्न. वय त्र्याऐंशी, पण नजर सगळीकडे! त्यांचा डबा म्हणजे माझ्या धाकट्या लेकीचा लॅपटॉप. २०२०च्या टाळेबंदीत पुण्याहून सामान घेऊन ती श्रीपूरला आली आणि आमच्या ओसरीवरच तिचं ऑफिस थाटलं गेलं. पलीकडे उसाच्या ट्रॉल्या खडखडत जातात, अलीकडे ही कानाला यंत्र लावून पुण्या-मुंबईच्या लोकांशी बोलते. गळिताच्या दिवसांत मळीचा वास आला की म्हणते, "बरं आहे, वास तारेतून जात नाही!"

खरं सांगायचं तर सासूबाईंचा प्रश्न माझाही होता. लेक डॉक्टर आहे, शिक्षिका आहे, बँकेत आहे म्हटलं की चारचौघींना कळतं. "क्रिएटिव्ह एजन्सीत आहे" म्हटलं की समोरची नुसती हसते. म्हणून मी एक दिवस तिला समोर बसवलं आणि सगळं समजून घेतलं.

तिनं सोपं करून सांगितलं. एखाद्यानं चांगला माल केला, पण लोकांना तो माहीतच नाही. मग त्या मालाला नाव हवं, खूण हवी, वेष्टण हवं, चार शब्द हवेत, एखादी छोटी फिल्म हवी. हे सगळं करून देणाऱ्या मंडळींचं दुकान म्हणजे एजन्सी. कुणी शब्द लिहितं, कुणी चित्र काढतं, कुणी गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळतं. आमची लेक अक्षरं आणि वेष्टणं बघते.

कुटुंब म्हणजे काय?

मागे चार दिवस मी तिच्याबरोबर पुण्याला राहिले आणि तिचं ऑफिसही पाहिलं. तिथे साहेब नाही, मॅडम नाही. पन्नाशीच्या मालकालाही सगळे नावानं हाक मारतात. बसायला धान्याच्या पोत्यासारख्या मऊ गाद्या. एक कुत्रा टेबलांखालून फिरतो. चहा-कॉफी हवी तेव्हा. नवीन यंत्र बाजारात आलं की सगळी मुलं त्याच्याभोवती गोळा होतात, जशा आपण नवा मिक्सर आला की होतो. कल्पना कुणाचीही असो, अगदी काल लागलेल्या मुलीचीसुद्धा, ती ऐकून घेतात. हे मला फार आवडलं. आमच्या पिढीत सुनेचं मत विचारायला दहा वर्षं जायची!

पण दुसरी बाजूही दिसली. रात्रीचे साडेदहा वाजले तरी दिवे चालूच. "उद्या सकाळी गिऱ्हाइकाला दाखवायचंय" हे तिथलं पालुपद. उशीर झाला की ऑफिसच्या खर्चानं पिझ्झा येतो आणि मुलं खूश होतात. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपण एक कुटुंब आहोत'. मी लेकीला म्हटलं, "बाई गं, कुटुंबात रात्री उपाशी ठेवत नाहीत हे खरं, पण वेळेवर झोप असंही कुणीतरी म्हणतं!" ती हसली. पण ते हसणं दमलेलं होतं.

एक दिवसाचं गाव

हीच मंडळी एकदा तिच्या आग्रहावरून आमच्या भागातल्या एका शाळेत आली. भिंती रंगवायच्या होत्या. सगळ्यांच्या अंगात एकसारखे सदरे, हातात ब्रश. मुलं हरखून गेली. फुलपाखरं, ग्रह, अक्षरं, सगळं काढून झालं. फोटो काढले गेले. संध्याकाळी गाडी निघाली.

पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि फुलपाखरांचे पोपडे निघाले. ओल आधी काढायला हवी, हे गावातल्या कुठल्याही गवंड्यानं सांगितलं असतं. पण त्याला कुणी विचारलंच नाही. लेकीला ते फार लागलं. "आई, आम्ही गावासाठी काही केलं नाही गं. गावाचे फोटो नेले," असं म्हणाली.

आणि त्याच महिन्यात ऑफिसचं पत्र आलं: आता सगळ्यांनी आठवड्याचे पाचही दिवस पुण्यात हजर राहावं, नाही तर वेगळा विचार करावा. घरात शांतता पसरली. हे म्हणाले, "जाऊ दे, नोकरी महत्त्वाची." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळचा डोळ्यांतला थेंब त्या नातीकडूनच घालून घेतात.

माळरानावरून निघालेली मासिकं

त्या रात्री मला माझ्या माहेरची ट्रंक आठवली. वडिलांनी 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री'चे जुने अंक जपून ठेवले होते. लहानपणी अंकावर किर्लोस्करवाडीचं नाव वाचून मला वाटायचं, मुंबईतलाच एखादा वाडा असेल! पुढे कळलं, तो तर कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकलेचे विद्यार्थी, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले. रंग नीट ओळखता येत नाहीत असं ध्यानात आलं आणि चित्रकला सुटली. यंत्रांची रेखाटनं मात्र हाती राहिली. बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. पण लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात. म्हणजे माल उत्तम, पण तो लोकांना पटवायचा कसा, हाच प्रश्न. एजन्सीचा प्रश्न याहून वेगळा काय असतो?

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी माळरान दिलं आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवावी, हा त्यामागचा हेतू. ते काम पाहत होते शंकरराव किर्लोस्कर, चित्रकलेचं शिक्षण घेतलेले, स्वतः व्यंगचित्रं काढणारे. १९२९ साली त्याचं नाव नुसतं 'किर्लोस्कर' झालं. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघालं. नांगराची खबर देणारं पत्रक बघता बघता मराठी घरांत विचारांची खबर देऊ लागलं. शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, स्वतःचं मत मांडणाऱ्या बाईला त्यात जागा मिळाली.

हे सगळं माळावरून झालं, पुण्या-मुंबईतून नव्हे. आणि मला वाटतं त्याचं कारण एकच. लिहिणारी, चित्र काढणारी, छापणारी आणि नांगर घडवणारी माणसं एकाच वस्तीत राहत होती. कुणी एका दिवसासाठी गावात येत नव्हतं. पाणी आटलं तर सगळ्यांचंच आटायचं.

आणि लांब कशाला जा? आमचं श्रीपूर तरी कसं नावारूपाला आलं? चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, गावोगावच्या लहान लहान भागधारकांकडून भांडवल उभं केलं आणि इथे साखर कारखाना आणला. शेजारच्या माळीनगरला सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी आपला कारखाना उभारला. आमच्या आजूबाजूला सगळं धाडसाचंच पीक आहे. मग एका मुलीनं ओसरीवर बसून अक्षरं काढली, तर त्यात नवल ते काय?

मिरचीची वेलांटी

याच सुमारास आमच्या बचत गटानं शेंगदाण्याच्या चटणीचं पाकीट काढायचं ठरवलं. सोलापुरी शेंगाचटणी कुणाला सांगायला नको, पण पाकिटावर छापायचं काय? गावातल्या एका मुलानं मजकूर जुळवून दिला. बघतो तर 'मिरची'ची पहिली वेलांटी उडून 'र'वर बसलेली आणि शब्द झाला 'मरिची'! बायका हसून हसून लोटपोट.

लेकीनं समजावलं. चित्रं जुळवायच्या काही संगणक कार्यक्रमांना मराठी आपोआप कळत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते आणि कागदावर आधी. भारतीय भाषांची सोय मुद्दाम चालू केली नाही, तर वेलांट्या आणि जोडाक्षरं भलतीकडे जातात.

मग तिनं र. कृ. जोशींची गोष्ट सांगितली. हे मराठी सुलेखनकार 'उल्का' या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते. १९८३ साली ते पवईच्या आयआयटीत शिकवायला गेले. विंडोज संगणकावर मराठी दिसू लागली, ती त्यांच्या 'मंगल' अक्षरवळणात. २००८ साली ते गेले. जाहिरातीत घडलेला हात असा घराघरांतल्या पत्राला, बिलाला, दाखल्याला लागला. "आई, मला असं काम करायचंय," लेक म्हणाली.

तिनं पाकीट केलं तेही सासूबाईंना पुढे बसवून. पहिली नाजूक अक्षरं त्यांना चष्म्यानंही दिसेनात, म्हणून ती मोठी आणि ठसठशीत झाली. शिवाय काय काय छापायलाच हवं, याची यादी तिनं गटाला लिहून दिली. मैत्रिणींनो, तुमच्याही गटाला ती उपयोगी पडेल: पदार्थाचं नाव, घटक पदार्थ, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, किंमत, बनवणाऱ्यांचं नाव-पत्ता, अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची आणि कधीपर्यंत वापरावं ती तारीख. शेंगदाण्याची काहींना ॲलर्जी असते, म्हणून तोही उल्लेख ठळक हवा.

लेकीला पाठवण्याआधी

तुमच्याही घरातली मुलगी अशा ऑफिसात निघाली असेल, तर गाद्यांना आणि पिझ्झाला भुलू नका, आणि घाबरूनही जाऊ नका. चार गोष्टी मात्र जरूर विचारा.

नेमणुकीचं पत्र लेखी आहे ना? कामाचे तास आणि सुट्ट्या त्यात आहेत का? रात्री उशीर झाला तर घरी पोचवण्याची सोय कुणाची? दहा किंवा जास्त माणसं असतील, तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, हा २०१३चा कायदा आहे. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. बाळंतपणाची पगारी रजा २०१७पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली आहे. हे विचारण्यात संकोच कसला? भाजी घेताना आपण दहा वेळा विचारतो!

शेवटी काय झालं?

लेकीनं ऑफिसला पत्र लिहिलं. रागाचं नाही, हिशेबाचं. वर्षभरात ओसरीवरून केलेली कामं, वेळेवर दिलेली किती, उशीर झालेली किती, सगळं मांडलं. शेवटी लिहिलं: महिन्याचा पहिला आठवडा मी पुण्यात येईन, बाकीचे दिवस मला श्रीपुरात राहू द्या. तीन महिन्यांच्या बोलीवर त्यांनी मान्य केलंय. पुढचं कुणी सांगावं? आता ती महिन्यातून एकदा अकलूजहून पुण्याची एसटी धरते. तेवढ्या आठवड्यात सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालणं माझ्याकडे. माझा हात थरथरतो, अशी त्यांची तक्रार असते.

शाळेच्या भिंतीचंही तिनं मनावर घेतलं. या वेळी आधी गवंडी आला. त्यानं ओल कुठून येते ते शोधलं, गिलावा केला. भिंत वाळेपर्यंत सगळे थांबले. मग मुलांनीच चित्रं काढली. पुण्याच्या मंडळींपैकी दोघंजण आले, मुक्कामाला राहिले, पिठलं-भाकरी खाऊन गेले. फोटो काढायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

परवा सासूबाईंनी चटणीचं पाकीट हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं. मग नातीला म्हणाल्या, "हे मला दिसतंय गं. पगार घ्यायला हरकत नाही!"