सेहरीसाठी मल्टीकुकर : कोणतं बटण केव्हा दाबायचं?

गेल्या रमजानची गोष्ट. सकाळची शाळा, म्हणून रात्री दहा वाजताच मी मल्टीकुकरमध्ये कच्चं मटण, मसाला आणि पाणी घातलं, पहाटे साडेतीनचा ‘डिले स्टार्ट’ लावला आणि निवांत झोपले. सेहरीला झाकण उघडलं तर मटण मऊ शिजलेलं, पण वास आंबूस. सगळं टाकून द्यावं लागलं. रमजानमध्ये अन्न टाकताना जीव तुटतो. चूक मशीनची नव्हती, माझीच होती.

आपल्याकडे अनेक घरांत हा कुकर आखातातल्या नातेवाइकाने आणलेला किंवा लग्नात भेट मिळालेला असतो. भाताचं बटण सोडलं तर बाकीच्यांना कुणी हात लावत नाही. खरं तर प्रत्येक बटण दोनच गोष्टी ठरवतं : उष्णता किती आणि किती वेळ.

सॉते : झाकण उघडं ठेवून कांदा, आलं-लसूण, मसाला भुनायचा. मग थोडं पाणी घालून तळाला चिकटलेलं उलथन्याने खरवडून घ्या. ते तसंच राहिलं तर पुढे ‘बर्न’ अशी सूचना येते आणि कुकर थांबतो.

प्रेशर कुक : “किती शिट्ट्या करायच्या?” हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. इथे शिट्टी नाही, मिनिटं मोजायची. तूरडाळीला 8 ते 10 मिनिटं, बकऱ्याच्या मटणाला 25 ते 30 मिनिटं पुरतात. पण ही मिनिटं प्रेशर तयार झाल्यावर सुरू होतात आणि त्याआधी 10-15 मिनिटं जातात. मटणाची वाफ नंतर 10-15 मिनिटं आपोआप उतरू द्या. म्हणजे मटणाला एकूण तासभर धरून चला. खिचडा, डाळ, हरभरे फेसाळतात, म्हणून भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. वाफ सोडताना चेहरा आणि हात वॉल्व्हपासून दूर ठेवा, लहान मुलांनाही लांब ठेवा.

स्लो कुक : मंद आचेवर सहा-आठ तास. निहारी, पाये, यखनीसाठी छान. मात्र राजमा यात कधीही शिजवू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो. तो मंद आचेवर जात नाही, उलट्या-जुलाब होतात. राजमा भिजवा, ते पाणी फेका, मग प्रेशरवरच शिजवा.

कीप वॉर्म : शिजलेलं अन्न गरम ठेवण्यासाठी. थंड अन्न गरम करायला हे बटण वापरू नका. अन्न 60 अंशांच्या वर राहिलं तरच सुरक्षित. झाकण काढल्यावर वाफ निघाली नाही, अन्न नुसतं कोमट लागलं, तर समजा काहीतरी बिघडलंय.

डिले स्टार्ट : माझी चूक इथेच झाली. कच्चं मटण, चिकन, मासे, दूध बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, कडक उन्हाळ्यात तर एकच तास. त्यात वाढलेल्या काही जंतूंचं विष नंतर शिजवूनही जात नाही. मी तर ते साडेपाच तास तसंच ठेवलं होतं. हे बटण पाण्यात घातलेल्या हरभऱ्यांसाठी किंवा दलियासाठी वापरा. दूध नंतर घाला.

मग सेहरीला मटण हवं असेल तर? दोन मार्ग आहेत. तरावीहला जाण्याआधी शिजवा, पसरट भांड्यात लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवा आणि पहाटे ‘सॉते’वर उकळी येईपर्यंत गरम करा. किंवा रात्री स्लो कुकवर लगेच सुरू करा. थांबवून ठेवू नका. रात्री लाइट गेली तर बरेच कुकर आपोआप पुन्हा सुरू होत नाहीत. पहाटे कुकर बंद दिसला आणि किती वेळ बंद होता हे कळत नसेल, तर ते मटण खाऊ नका.

शेवटी एक सांगते. सेहरीला सगळ्यांत आधी अम्मीच उठते, तीही रोजेदारच असते. ही बटणं बारा-तेरा वर्षांच्या मुलालाही समजतात. यंदा हा कागद कुकरजवळ चिकटवा आणि एखाद्या पहाटे बटण दाबायचं काम अब्बूंकडे किंवा मुलांकडे द्या.