काट्यावरचं नवं यंत्र : पट्ट्या वाचणारा स्कॅनर आम्ही कसा जोडला, कसा लावला



आडसाली उसाला शेतात सोळा-अठरा महिने जातात. लागण, बांधणी, खताचे डोस, पाण्याच्या पाळ्या, रात्रीच्या लाइटची वाट पाहणं, या सगळ्याचा हिशोब शेवटी काट्यावर दोन-चार मिनिटांत होतो. त्या दोन-चार मिनिटांत दोनच गोष्टी बरोबर व्हाव्या लागतात. वजन खरं पडलं पाहिजे, आणि ते ज्याचं त्याच्याच नावावर पडलं पाहिजे. वजनाबद्दल आपण सारेच जागरूक असतो, आणि असायलाच हवं. नावाबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

चिटबॉय तोड चिठ्ठी कुठे लिहितो ते आठवा. फडात, ट्रॉलीच्या फाळक्यावर कागद टेकवून, पहाटेच्या दवात. मराठी १ आणि ९ घाईत सारखेच दिसतात, ४ आणि ५ ची तीच गत. पुढे तीच चिठ्ठी रात्रीच्या पाळीत काट्यावरचा कारकून वाचतो आणि कोड नंबर बोटांनी टाइप करतो. एक आकडा इकडचा तिकडे झाला की खेप दुसऱ्याच्या खात्यावर! १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. पण जी खेप खात्यावरच नाही, तिचे १४ दिवस मोजणार कोण? बिल हातात येईपर्यंत सभासदाला पत्ता नसतो, आणि मग गट ऑफिसला हेलपाटे सुरू.

म्हणून आम्ही चिठ्ठीवर छापील पट्ट्यांचा कोड आणला आणि काट्यावर तो वाचणारा हातातला स्कॅनर बसवला. हे यंत्र काय करतं, काय करत नाही, आणि ते आम्ही कोणत्या रीतीने लावलं, हे सभासदांना माहीत असावं म्हणून हा लेख. ज्यांची मुलं-मुली दुकान, दूध डेअरी किंवा कृषी सेवा केंद्र चालवतात, त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पट्ट्यांत असतं काय?

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. त्या काळ्या पट्ट्यांत तुमचं नाव नाही, वजन नाही, पैसेही नाहीत. त्यात फक्त एक नंबर असतो. नंबरावरून नाव शोधायचं काम कॉम्प्युटरमधली नोंदवही करते. स्कॅनर हा नुसता वाचणारा.

ही युक्ती जुनी आहे. आपल्याकडे १९५० च्या सुमारास प्रवरेला सहकारी कारखाना उभा राहत होता, त्याच काळात अमेरिकेत जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर हे दोघे या कल्पनेवर काम करीत होते. वुडलँडला तारखात्याची मोर्स लिपी येत होती. समुद्रकाठच्या वाळूत त्याने तिचे ठिपके आणि रेघा बोटांनी खाली ओढल्या, आणि बारीक-जाड पट्ट्यांची कल्पना सुचली. १९५२ साली त्यांना पेटंट मिळालं. दुकानात मात्र पहिला माल असा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. माल होता च्युइंग गमचं पाकीट!

स्कॅनर पट्ट्यांवर उजेड टाकतो. काळी पट्टी उजेड पिऊन टाकते, पांढरी जागा तो परत फेकते. या फरकावरून यंत्र आकडे ओळखतं. बहुतेक स्कॅनरचा उजेड लाल असतो, म्हणून लाल शाईत छापलेल्या पट्ट्या त्याला दिसतच नाहीत. चिठ्ठी काळ्या शाईत आणि पांढऱ्या कागदावर असण्याचं कारण हे. पट्ट्यांच्या दोन्ही अंगांना कोरी जागा सोडलेली असते, तीही शोभेसाठी नाही. बांधाशिवाय जसं रान कुठे सुरू झालं ते कळत नाही, तसं त्या कोऱ्या जागेशिवाय कोड कुठे सुरू होतो ते यंत्राला कळत नाही. तेव्हा तिथे सही करू नका, शिक्का मारू नका.

चुकीचा नंबर पकडतो कोण?

कोडमध्ये शेवटी एक तपासणीचा आकडा असतो. दुकानातल्या मालावरच्या १३ आकड्यांचं उदाहरण घ्या. पहिले बारा आकडे समजा ८९०१२३४५६७८९. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवा, बेरीज २८. उरलेल्यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा आकडा. इथे १३० पुरे आहेत, म्हणून तेरावा ०. आता कुणी शेवटचे ८ आणि ९ उलटे लिहिले तर एकूण येते १२८, म्हणजे तेरावा आकडा २ हवा. तिथे ० दिसला की यंत्र नंबर घेतच नाही.

जाता जाता, ८९० ने सुरू होणारा माल भारतातच तयार झाला असा समज आहे. तो खरा नाही. तो नंबर भारतातल्या संस्थेने दिला, एवढाच त्याचा अर्थ.

ही तपासणी चांगली असली तरी तिला एक भोक आहे. शेजारच्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असेल, जसे १ आणि ६, तर ते उलटे झालेले तिला कळत नाहीत. म्हणून तोड चिठ्ठीसाठी आम्ही कोड १२८ नावाची दुसरी जात घेतली. तिच्यात प्रत्येक खुणेला जागेप्रमाणे वजन देऊन १०३ ने भागतात आणि बाकी तपासतात. ही तपासणी बंद ठेवताच येत नाही.

यंत्र जोडताना

स्कॅनरची वायर कॉम्प्युटरला लावली की कॉम्प्युटर त्याला कीबोर्ड समजतो. वेगळं काही भरावं लागत नाही. जोडल्यावर आधी कोरं पान उघडावं आणि एक कोड वाचून पाहावा. नंबर जसाच्या तसा उमटला तर अर्धं काम झालं.

पुढची गंमत अशी, की या यंत्राला बटणं जवळजवळ नसतात. त्याच्या सेटिंग पट्ट्यांनीच करायच्या. सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक सेटिंगचा एकेक कोड छापलेला असतो, तो वाचला की सेटिंग बदलते. पानावर कोड दाटीवाटीने असतात, म्हणून शेजारचे कोड पुठ्ठ्याने झाकून घ्यावेत, नाही तर भलताच वाचला जातो. सुरुवात नेहमी मूळ सेटिंगवर नेणाऱ्या कोडने करावी, म्हणजे आधी कुणी काय केलं होतं त्याचा घोळ राहत नाही.

त्यानंतर आम्ही ठरवलेल्या गोष्टी अशा.

एक. स्कॅनर कीबोर्डसारखा वागतो, म्हणजे कर्सर जिथे असेल तिथे नंबर टाकतो. कर्सर चुकून वजनाच्या रकान्यात असला तर? कोड नंबरच वजन म्हणून बसायचा! म्हणून काट्यावर आम्ही त्याला कीबोर्डच्या रीतीने जोडलं नाही, सीरियल पोर्टच्या रीतीने जोडलं. त्याचा नंबर फक्त कोडच्या रकान्यात जातो. वजन काट्याच्या स्वतःच्या वायरने थेट येतं आणि वजनाच्या रकान्यात हाताने काही टाइप होत नाही. साखर वाटपाच्या खिडकीवर कीबोर्डची रीत पुरते, तिथे ती ठेवली.

दोन. नंबर वाचल्यावर यंत्र आपणहून एंटर मारू शकतं. साखर वाटपाला हे सोयीचं, रांग लवकर सरकते. काट्यावर मात्र एंटर मुद्दाम बंद ठेवला. नंबर आला की पडद्यावर सभासदाचं नाव आणि गाव येतं, कारकून ते मोठ्याने वाचतो, ड्रायव्हर किंवा सोबतचा माणूस हो म्हणतो, मगच बटण दाबलं जातं. यात चार सेकंद जातात. जाऊ द्यात.

तीन. यंत्राला अनेक जातींचे कोड वाचता येतात. काट्यावर आम्ही फक्त कोड १२८ चालू ठेवला आणि लांबीही ठरवून दिली. टेबलावरच्या बिस्किटाच्या पुड्याचा नंबर ऊस म्हणून घुसायला नको. काही जुन्या जातींचे कोड अर्धवट वाचले तरी पुरे वाटतात, लांबी ठरवली की तो धोका टळतो.

चार. एकच चिठ्ठी दोनदा वाचली जाऊ नये म्हणून यंत्रात त्याच कोडसाठी थोडा थांबा ठेवला. खरा बंदोबस्त मात्र कॉम्प्युटरमध्ये केला आहे. एकदा भरलेलं वजन पडलेली चिठ्ठी पुन्हा भरलेल्या वजनाला चालत नाही.

पाच. यार्डात ट्रॅक्टरचे आवाज आणि वर त्यांची गाणी. म्हणून यंत्राची शिट्टी मोठी ठेवली. शिट्टी आणि हिरवा दिवा दोन्ही मिळाले तरच वाचन झालं असं समजावं.

सहा. साखरेच्या खिडकीवर कॉम्प्युटर मराठी टायपिंगवर राहिला तर नंबराआधीची इंग्रजी अक्षरं मराठी होऊन येतात, आणि कॅप्स लॉक दाबलेलं असेल तर मोठी अक्षरं लहान होतात. यंत्र बिघडलं म्हणून आदळआपट करण्याआधी या दोन गोष्टी पाहाव्यात.

सात. काही कोड नंबर शून्याने सुरू होतात. ती यादी एक्सेलमध्ये उघडली की पुढची शून्यं गळून पडतात आणि ००४५ चा ४५ होतो. त्या रकान्याला आधीच मजकुराचा रकाना करून ठेवावा.

गोदामात आम्ही बिनवायरचा स्कॅनर दिला आहे. त्याच्या बैठकीवर छापलेला कोड वाचला की दोघांची जोडी जुळते. लांब गेलं की काही यंत्रं नंबर पोटात साठवतात आणि जवळ आल्यावर एकदम ओततात. चार्जिंग मात्र पाळी बदलताना झालंच पाहिजे.

ठरलेल्या सगळ्या सेटिंगचे कोड एका कागदावर छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवले आहेत. ऐन हंगामात यंत्र बदलायची वेळ आली तर कोणत्याही पाळीचा माणूस पाच-दहा मिनिटांत नवं यंत्र लावू शकेल. जाणकार माणूस रजेवर म्हणून काटा थांबला, असं होता कामा नये.

यंत्र काय करत नाही?

स्कॅनर वजन करत नाही. काटा खरा की खोटा, याच्याशी त्याचा संबंध नाही. ते काम वैधमापन खात्याच्या तपासणीचं आणि शिक्क्याचं, त्याचा दाखला पाहण्याचा तुमचा हक्क जसा होता तसाच आहे.

चिठ्ठीच चुकीच्या माणसाची आली, तर यंत्र तीही बिनतक्रार वाचेल. शेजारच्या फडाची चिठ्ठी तुमच्या ट्रॉलीला लागली तर पट्ट्या काय करणार? म्हणून फडात चिठ्ठी हाती घेताना नाव वाचायचं काम तुमचंच, मुकादमावर किंवा ड्रायव्हरवर सोडू नका.

आणि चिठ्ठी फाटली, भिजली तर? पट्ट्यांखाली तोच नंबर आकड्यांत छापलेला आहे. तो हाताने भरता येतो, पण त्या वेळी दोघांनी पाहून सही करायची असा नियम केला आहे. हाताने भरलेल्या खेपांची यादी रोज वेगळी निघते आणि दुसऱ्या दिवशी गट ऑफिसला तपासली जाते.

सभासदांनी एवढं करावं

चिठ्ठीची घडी पट्ट्यांवरून घालू नये. ती उन्हात, डॅशबोर्डवर ठेवू नये. वजनाची पावती उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते, ती उन्हाने काळी पडते आणि दिवस गेले की पुसट होते. तेव्हा घरी आल्यावर नंबर, तारीख आणि निव्वळ वजन वहीत उतरवून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढला तर उत्तमच. यंत्राच्या लाल उजेडाकडे रोखून पाहू नका, लहान मुलांच्या डोळ्यांवर तर तो मुळीच मारू देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावतीवरचं नाव आणि कोड नंबर तिथल्या तिथे वाचा. वाचता येत नसेल तर कारकुनाला वाचून दाखवायला सांगा, त्यात कमीपणा नाही आणि त्याने कंटाळा करायचा नाही. ड्रायव्हर घाई करील, मागची गाडी हॉर्न देईल. देऊ द्या. नाव चुकलेलं काट्यावर दुरुस्त व्हायला एक मिनिट लागतं, बिल निघाल्यावर तेच दुरुस्त करायला दोन खात्यांचे हिशोब फिरवावे लागतात आणि दोन शेजाऱ्यांची मनं दुखावतात.

यंत्र आपण आणलं ते माणसाला कमी करायला नाही, अंधारात आणि घाईत होणारी चूक कमी करायला. उरलेली राखण आपण दोघांनी मिळून करायची, आम्ही काट्याच्या आतून, तुम्ही बाहेरून. कुठे शंका आली तर पावती घेऊन शेतकी विभागात या. मात्र पावती वाचल्याशिवाय काट्यावरून हलू नका.