नवा बाँड हवा, पण कसा?

घरात कुणी जरा जास्तच चौकशा करायला लागलं की आपण पटकन म्हणतो, ‘‘स्वतःला काय जेम्स बाँड समजतोस?’’ ज्यांनी त्याचा एकही चित्रपट पूर्ण पाहिलेला नाही, तेही असं म्हणतात. एखादं पात्र घरातल्या बोलण्यात येऊन बसलं की ते फक्त पडद्यापुरतं राहत नाही. म्हणूनच बाँड बदलणार म्हटलं की जगभरातले चाहते हमरीतुमरीवर येतात.

यावेळी कारणही तसंच आहे. १९६२ मध्ये आलेल्या ‘डॉ. नो’पासून २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत या मालिकेत २५ चित्रपट झाले आणि सहा नायकांनी बाँड साकारला. पण ‘नो टाइम टू डाय’च्या शेवटी जे घडलं, ते आधी कधीच घडलं नव्हतं. बाँड चक्क मेला. मागे राहिली त्याची जोडीदार आणि लहानगी मुलगी. त्यानंतर मालिकेचं घरही बदललं. इतकी वर्षं ब्रोकोली कुटुंबाच्या हातात असलेली सूत्रं २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे गेली. दिग्दर्शनाची जबाबदारी ‘ड्यून’वाल्या डेनी व्हिलनव्ह यांच्यावर सोपवली गेली आणि लेखनासाठी ‘पीकी ब्लाइंडर्स’चे स्टीव्हन नाइट यांची निवड झाली.

ही जबाबदारी मिळाल्यावर व्हिलनव्ह यांनी सांगितलं की, आपण वडिलांसोबत बाँडपट बघत लहानाचे मोठे झालो. तुमच्यापैकीही अनेकांनी रविवारी दुपारी बाबांच्या शेजारी बसून टीव्हीवर बाँड पाहिला असेल. म्हणून आज प्रश्न फक्त नवा नायक कोण, एवढाच नाही. आपल्या मुलामुलींना शेजारी बसवून हा नवा बाँड आपण बघू शकू का, हाही आहे.

चेहऱ्यावरून भांडण जुनंच

चाहत्यांचा सगळ्यात मोठा वाद चेहऱ्यावरून असतो. कुणाला तिशीतला तरुण हवा, कुणाला मुरलेला नट हवा, तर कुणाला गोरा नसलेला बाँड चालेल. पण इतिहास बघितला तर या वादाला फार महत्त्व द्यावं असं वाटत नाही.

बाँडचे जनक इयान फ्लेमिंग यांनाच शॉन कॉनरी सुरुवातीला पसंत नव्हते. पुढे कॉनरी लोकांना इतके आवडले की फ्लेमिंग यांनी कादंबरीत बाँडला स्कॉटिश वडील देऊन टाकले. २००५ मध्ये डॅनियल क्रेगचं नाव जाहीर झालं, तेव्हा सोनेरी केसांचा बाँड नको म्हणून बहिष्काराची भाषा झाली. पत्रकारांसमोर तो स्पीडबोटीतून लाइफ जॅकेट घालून आला, याचीही टिंगल झाली. पुढच्याच वर्षी ‘कसिनो रॉयल’ आला आणि टिंगल करणारेच त्याचे चाहते झाले.

म्हणजे चेहरा पटायला एक चांगला चित्रपट पुरतो. अवघड असतं ते त्या चेहऱ्यामागचा माणूस घडवणं.

वाढवत नेण्यापेक्षा कमी करा

जुन्या चाहत्यांची एक मागणी मात्र मनापासून पटते. ते म्हणतात, बाँडला पुन्हा साधं करा.

१९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ने धुमाकूळ घातला आणि १९७९ च्या ‘मूनरेकर’मध्ये बाँडही अंतराळात गेला. तिथे लेझर बंदुकांची लढाई झाली. चित्रपटाने भरपूर कमाई केली. तरीही निर्मात्यांनी पुढच्याच ‘फॉर युवर आइज ओन्ली’मध्ये त्याला जमिनीवर आणलं. त्यात सुरुवातीलाच बाँडची भारी लोटस गाडी स्फोटात उडते आणि त्याला एका बाईच्या छोट्याशा पिवळ्या सिट्रोएनमधून पळ काढावा लागतो. लोकांना तो पाठलाग आजही आठवतो.

२००२ च्या ‘डाय अनदर डे’मध्ये तर अदृश्य होणारी गाडी होती. त्यानेही चांगला गल्ला जमवला. पण आता याहून वर जायला जागाच नाही, हे निर्मात्यांनी ओळखलं. मग ‘कसिनो रॉयल’मध्ये यंत्रं पुरवणारा क्यू नव्हता, मनीपेनीही नव्हती. बाँडला रक्त येत होतं, तो चुकत होता, प्रेमात फसत होता. चित्रपटाचा सगळ्यात मोठा थरार होता पत्त्यांच्या टेबलावर बसलेल्या दोन माणसांमधला.

दोन्ही वेळा मालिका तोट्यात नव्हती. तरीही ताजेपणा आला तो काही तरी काढून टाकल्यामुळे. घर आवरताना नवीन कपाट आणण्याआधी जुनं सामान बाहेर काढावं लागतं, तसंच हे आहे.

हाच नियम लांबीलाही लावावा, असं अनेकांना वाटतं. ‘नो टाइम टू डाय’ १६३ मिनिटांचा आहे. साठच्या दशकातला ‘गोल्डफिंगर’ दोन तासांच्या आतच संपतो.

बाईला माणूस म्हणून दाखवा

आता घरात एकत्र बघण्याचा मुद्दा. २०१५ मध्ये ‘स्पेक्टर’ आला तेव्हा आपल्या सेन्सॉर बोर्डाने चुंबनदृश्यं कापून लहान केली आणि ‘संस्कारी बाँड’ म्हणून देशभर विनोद झाले. पण मुलांसोबत बघताना खरी अडचण चुंबनाची नसतेच.

‘गोल्डफिंगर’मध्ये जलतरण तलावाजवळचा एक प्रसंग आहे. पुरुषांचं बोलणं चाललंय असं सांगून बाँड सोबतच्या तरुणीला चापटी मारून घालवून देतो. त्याच चित्रपटात पुढे एका गोठ्यात तो नायिकेवर अक्षरशः जबरदस्ती करतो आणि त्यानंतर ती त्याच्या बाजूची होते. तुमच्या शेजारी १५ वर्षांची मुलगी बसली असेल, तर त्या क्षणी तुम्ही काय सांगाल? जुना काळ होता एवढं म्हणून विषय संपत नाही. मुलगा बसला असेल, तर बोलणं आणखी गरजेचं आहे.

मालिकेला हे कळलंच नाही असं नाही. १९९५ च्या ‘गोल्डनआय’मध्ये बाँडची वरिष्ठ एम ही बाई झाली. जुडी डेंच यांनी साकारलेल्या या एमने त्याला तोंडावर सुनावलं की, तू बायकांना कमी लेखणारा, जुन्या युगात अडकलेला माणूस आहेस. ‘कसिनो रॉयल’मधली व्हेस्पर तर पहिल्याच भेटीत त्याचा स्वभाव उलगडून त्याच्यासमोर ठेवते. ‘नो टाइम टू डाय’मधली पलोमा पडद्यावर काही मिनिटंच आहे. ती येते, बाँडच्या बरोबरीने लढते, हसून निरोप घेते. प्रेमप्रकरण नाही, अश्रू नाहीत. तरीही चित्रपट पाहून आलेले किती तरी जण तिच्याबद्दलच बोलत होते.

मग बाँडच स्त्री का नको? काही चाहत्यांना हे हवं आहे. पण निर्मात्या बार्बरा ब्रोकोली यांनी पूर्वी स्पष्ट सांगितलं होतं की, बाँड कुठल्याही वर्णाचा असू शकतो, पण तो पुरुषच राहील. स्त्रियांसाठी स्वतंत्र, सशक्त पात्रं लिहायला हवीत, असं त्यांचं मत होतं. हे पटण्यासारखं आहे. आपल्याकडच्या २०१८ च्या ‘राझी’तली सेहमत आठवा. ती कुणाची स्त्री आवृत्ती नव्हती. सासरच्या माणसांत राहून हेरगिरी करणाऱ्या मुलीची घुसमट ही तिची स्वतःची गोष्ट होती. बाईला पुरुषाचा उतरलेला कोट कशाला हवा?

भारत म्हणजे गारुडी नव्हे

भारतीय चाहत्यांची स्वतःची एक तक्रार आहे. १९८३ चा ‘ऑक्टोपसी’ उदयपूरमध्ये चित्रित झाला. पिचोला तलाव, लेक पॅलेस, डोंगरावरचा सज्जनगड बघून आजही छान वाटतं. कबीर बेदी त्यात खलनायकाच्या उजव्या हाताच्या भूमिकेत आहेत, तर टेनिसपटू विजय अमृतराज बाँडचे साथीदार आहेत.

पण रिक्षाच्या पाठलागात काय काय दिसतं? तलवार गिळणारा माणूस, खिळ्यांची शय्या, पेटलेले निखारे. बाँड भारतीय साथीदाराच्या हातात नोटा ठेवतो आणि आता तुझ्या करीची सोय झाली, अशा अर्थाचा विनोद करतो. इतका देखणा देश आणि त्यात माणसं मात्र जत्रेतली! नव्या बाँडने जगभर जरूर फिरावं, पण तिथल्या माणसांना नुसती सजावट करू नये. इथला एखादा अधिकारी त्याच्यापेक्षा हुशार निघाला तर बाँड लहान होणार नाही.

मेलेला परत कसा येणार?

याचं उत्तर वाटतं तितकं अवघड नाही. ‘कसिनो रॉयल’नेही आधीचं सगळं बाजूला ठेवून बाँडला नुकताच ००७ झालेला दाखवलं होतं. म्हणूनच अनेकांचं म्हणणं आहे की, मृत्यूचा खुलासा करत बसू नका, सरळ नवी गोष्ट सुरू करा. काहींना तो पुन्हा साठच्या दशकात, शीतयुद्धाच्या दिवसांत हवा आहे. कल्पना मोहक आहे, पण मोबाइल आणि पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आजच्या जगात एकटा हेर काय करू शकतो, हा प्रश्न जास्त उत्सुकता वाढवणारा आहे.

आणखी एक भीती आहे ती ‘युनिव्हर्स’ची. आपल्याकडे टायगर, कबीर आणि पठाण एकमेकांच्या चित्रपटांत येऊ लागले, तेव्हा सुरुवातीला शिट्ट्या पडल्या. पण हळूहळू गोष्टीपेक्षा पाहुण्याची वाट बघणं वाढलं. मनीपेनीची वेगळी मालिका, क्यूची वेगळी मालिका असं बाँडचं होऊ नये, असं चाहत्यांना वाटतं. दोन-तीन वर्षं वाट बघायला लावणं हाच त्याचा रुबाब आहे. रोज पुरणपोळी केली तर सणाचं काय उरेल?

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

नवा चित्रपट येईपर्यंत घरात एक प्रयोग करून बघा. मुलं किशोरवयीन असतील, तर एका शनिवारी ‘गोल्डफिंगर’ आणि पुढच्या शनिवारी ‘कसिनो रॉयल’ लावा. ‘कसिनो रॉयल’मध्ये छळाचा एक प्रसंग अंगावर येणारा आहे, म्हणून तो आधी स्वतः बघून घ्या. आजोबांना जुना चित्रपट आवडेल, मुलांना नवा. मग विचारा की, यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं?

सूट राहू दे, ती धून राहू दे, संकटातही सुटलेला नेमका विनोद राहू दे. बाईला घालवून देणारी चापटी आणि परक्या देशाची थट्टा जाऊ दे. गंमत म्हणजे एवढं काढून टाकल्यावरही बाँड पुरून उरतो. उद्या तुमची मुलगी भावाच्या चौकशांना वैतागून म्हणेल, ‘‘स्वतःला काय जेम्स बाँड समजतोस?’’ तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर कोणता बाँड असावा, हे ठरवायला आताची वेळ चांगली आहे.