देवांचे घोडे: देडतलाई ते जेरुसलेम

धारणीहून बुऱ्हाणपूरकडे निघालं की वाटेत देडतलाई लागतं. हा कोरकूंचा मुलूख. त्यांची माणूस जन्मल्याची गोष्ट ऐकाच! विंध्य-सातपुडा ओसाड पडलाय, तिथे माणसं वसव, अशी गळ महादेवाला कुणी घातली? रावणानं! महादेवाच्या कावळ्यानं वारुळाची लाल माती हुडकली, तिचे बाई आणि पुरुषाचे पुतळे घडले. पण इंद्रानं धाडलेले आगीचे घोडे पुतळे तुडवून टाकत. अखेर महादेवानं आधी कुत्रा घडवून त्यात प्राण फुंकला. त्यानं घोडे पिटाळले, मग जन्मले मुला आणि मुलाई, कोरकूंचे आद्य आईबाप. राखणदार आधी, माणूस मागाहून! मला या कथेत सगळ्यात लोभस वाटतं ते हेच.

महादेव मोठा, पण एकटा नाही. गावात दगडांच्या राशीत मुठवा देव, जवळच्या टेकडीवर डोंगरदेव. मृताच्या नावानं उभारायच्या लाकडी मुंड्यावर सूर्य-चंद्र कोरतात आणि घोडेस्वारही.

आता एकाच देवाचं म्हणून ओळखलं जाणारं जेरुसलेम. तिथल्या मंदिराच्या दाराशी चक्क सूर्याला वाहिलेले घोडे होते! इ.स.पू. सातव्या शतकात योशीया राजानं ते हटवले, सूर्याचे रथ जाळले, मंदिरातलं अशेरा देवीचं प्रतीकही किद्रोन ओढ्याकाठी नेऊन जाळलं. हे सांगतं खुद्द बायबल. सिनाईतल्या कुंतिल्लत अजरूदला १९७५-७६च्या उत्खननात मिळालेल्या रांजणांवर तर याहवेबरोबर, म्हणजे बायबलमधल्या त्या एकाच देवाबरोबर, ‘त्याच्या अशेरा’च्या नावानंही आशीर्वाद लिहिलेत. अनेक अभ्यासक तिला त्याची सहचारिणी मानतात. काहींच्या मते तो नुसता पवित्र खांब. जेरुसलेमात ‘स्वर्गाची राणी’ म्हटल्या जाणाऱ्या देवीसाठी बायका पोळ्या भाजत, म्हणून यिर्मया संदेष्टा संतापला. बायका बधल्या नाहीत: तिची पूजा सोडली तेव्हापासूनच आमचे हाल सुरू झाले, असं त्यांनी त्याला ठणकावलं. मला त्यांचं धैर्य थक्क करतं.

बआल देवाच्या ४५० संदेष्ट्यांना कर्मेल डोंगरावर एकट्यानं आव्हान देणारा संदेष्टा एलीया अग्निरथातून स्वर्गात गेला, त्या रथालाही आगीचेच घोडे! अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर रथाच्या चाकांच्या आणि टापांच्या खुणा आहेत, असं कोकणातले बेने इस्रायल ज्यू मानतात. देव एकच मानणारी ही मराठी माणसं नवस फेडताना मात्र एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलीयाच्याच, नावानं मलिदा करतात: पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं.