अभिलेखागार, ग्रंथालय आणि अराज्यवादाचा इतिहास : एम. पी. टी. आचार्य यांच्या संदर्भात

मराठी व्यवहारात ‘अराजक’ म्हणजे अंदाधुंदी. राज्यसंस्थेविना समाजाची स्वेच्छेने उभारणी करू पाहणाऱ्या विचाराला ‘अराज्यवाद’ म्हणणे म्हणूनच अधिक योग्य ठरते. या विचाराचा भारतातील इतिहास अल्प आहे असे सामान्यतः मानले जाते. तो खरोखर अल्प आहे, की केवळ विखुरलेला आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

मंडयम प्रतिवादी तिरुमल आचार्य (१८८७-१९५४) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांच्या सहवासात वावरलेले आचार्य १९२० मध्ये ताश्कंद येथे स्थापन झालेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होते. बोल्शेविकांशी मतभेद झाल्यावर बर्लिनमध्ये ते अराज्यवादाकडे वळले. १९३५ मध्ये ते मुंबईस परतले आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या निधनाचे वर्ष काही जुन्या ग्रंथांत १९५१ असे दिले आहे, यावरूनच त्यांच्याविषयीच्या साधनांची अवस्था लक्षात यावी.

पुण्याच्या ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकाने १९३७ मध्ये आचार्यांच्या आठवणी क्रमशः छापल्या. त्यांचा भर सशस्त्र क्रांतिकार्यावर होता आणि १९९१ मध्ये त्या ग्रंथरूपाने आल्या त्याही ‘भारतीय क्रांतिकारका’च्या आठवणी म्हणूनच. ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या कागदपत्रांत तेच आचार्य ‘संशयित’ म्हणून आढळतात. पोलिसांना त्यांच्या हालचालींत रस होता, विचारांत फारसा नव्हता. मुंबईत रणछोडदास लोटवाला यांच्या आश्रयाने चाललेल्या संस्थेशी आचार्यांचा निकटचा संबंध होता. परंतु त्या वर्तुळातून पुढे निघालेले ‘इंडियन लिबर्टेरियन’ खुल्या अर्थव्यवस्थेकडे झुकले आणि आज ते भारतीय उदारमतवादाच्या संग्रहात वाचावयास मिळते.

अराज्यवादी आचार्य भेटतात ते प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील छोट्या नियतकालिकांत आणि तेथील सहकाऱ्यांनी जपलेल्या पत्रव्यवहारात. अॅमस्टरडॅमची आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्था १९३५ मध्ये स्थापन झाली. माक्स नेटलाऊ या इतिहासकाराने आयुष्यभर जमविलेली अराज्यवादी चळवळीची पुस्तके, पत्रके आणि हस्तलिखिते तिने मिळविली. १९४० मध्ये नाझींनी ही संस्था बंद करून तिचा संग्रह जर्मनीत हलविला. युद्धानंतर त्यातील बहुतांश परत मिळाला. राज्यसंस्थेवर विश्वास नसलेल्यांचे कागद सरकारी दप्तराबाहेर राहावेत हे स्वाभाविकच होते. अशा संग्रहांच्या आधारेच आचार्यांचे १९२३ ते १९५३ या काळातील निबंध ओले बिर्क लॉर्सन यांच्या संपादनाखाली २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

ग्रंथालयीन वर्गीकरणही येथे तटस्थ राहत नाही. ड्यूई पद्धतीत अराज्यवादाला ३३५.८३ हा अंक आहे, म्हणजे तो समाजवादाच्या पोटात येतो. आठवणींचे पुस्तक भारतीय इतिहास म्हणून ९५४ मध्ये गेले, तर विद्यार्थ्याला एकाच माणसाचे दोन भाग दोन कपाटांत शोधावे लागतात, आणि दुसऱ्या कपाटाकडे जाण्याची खूण तालिकेत बहुधा नसते. विषय-शीर्षकाची एक जादा नोंद करण्यास ग्रंथपालाला काही मिनिटे लागतात.

मावळ व लोणावळा परिसरातील महाविद्यालये पुणे आणि मुंबई या दोन शहरांच्या मध्ये वसलेली आहेत. आचार्यांच्या आठवणी एका शहरात छापल्या गेल्या, तर त्यांची अखेरची वर्षे दुसऱ्या शहरात गेली. अॅमस्टरडॅमच्या संस्थेचे काही महत्त्वाचे संग्रह आता महाजालावर खुले आहेत. ‘मराठा’च्या १९३७ च्या अंकांसाठी मात्र लोकलने पुण्यास जाऊन जुन्या फायली चाळण्याची तयारी ठेवावी लागते.