पुणे सातवं, रहाणे 480

संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे म्हटलं की मेलबर्नचं शतक आठवतं. पण त्याचा 2016 चा आयपीएल हंगामही लक्षात ठेवावा असा आहे.

त्या वर्षी रायझिंग पुणे सुपरजायंट्स हा नवा संघ धोनीच्या नेतृत्वाखाली उतरला. वानखेडेवर मुंबईला हरवून झोकात सुरुवात झाली. रहाणे नाबाद 66. मग सलग चार पराभव.

पीटरसन, डु प्लेसिस, स्मिथ, मिचेल मार्श, एकामागून एक चौघंही दुखापतींमुळे घरी गेले. त्यातच राज्यात दुष्काळ होता, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं. त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यातले सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. निर्णय योग्यच होता, पण पुण्याचं घरचं मैदान थेट विशाखापट्टणमला गेलं.

तिथे हैदराबादविरुद्ध ॲडम झाम्पाने 19 धावांत 6 बळी घेतले, तरी सामना 4 धावांनी गेला!

शेवटी 14 सामन्यांत 5 विजय, आठ संघांत सातवा क्रमांक. रहाणेच्या मात्र 480 धावा, संघात सर्वाधिक. समोरचे साथीदार बदलत असताना सलामीला टिकून राहणं फार अवघड असतं, आणि त्या धावांचं मोल गुणतक्त्यात दिसत नाही.

पुढच्याच वर्षी हा संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि मुंबईकडून एका धावेने हरला.

2016 च्या हंगामातला तुमच्या लक्षात राहिलेला सामना कोणता?