चिंगीपुढे शेरू का दबतो?

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या घरी दोन कुत्री आहेत. चिंगी ही पॉमेरियन, वजन जेमतेम पाच किलो. शेरू अल्सेशियन, तो भरतो तीस किलो. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा दिवाणावरच्या गादीवर मधोमध चिंगी बसली होती आणि शेरू खाली फरशीवर. मध्येच तो उठून दिवाणाजवळ आला. चिंगीनं मान न उचलता नुसता वरचा ओठ उचलला. शेरूनं नजर वळवली, भिंतीवर काहीतरी महत्त्वाचं दिसल्यासारखं केलं, एक जांभई दिली आणि पुन्हा खाली जाऊन पडला. घरातले सगळे हसले. ‘‘हे रोजचंच आहे,’’ बाई म्हणाल्या.

कुत्री पाळणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पण प्रश्न तर पडतोच. शेरूनं मनात आणलं तर एका चाव्यात निकाल लागेल. मग तो दबतो का?

यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, चिंगी त्या घरातली ‘अल्फा’ आहे, म्हणजे टोळीची नायिका. हे उत्तर कुठून आलं ते आधी पाहू. नॉर्वेतल्या थॉरलिफ श्येल्डरूप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्यांचा नाद होता. कोणती कोंबडी कोणाला टोचते याची नोंद त्यांनी वर्षानुवर्षं ठेवली आणि १९२२ साली टोचण्याचा क्रम जगापुढे मांडला. पहिली कोंबडी सगळ्यांना टोचते, दुसरी पहिली सोडून बाकीच्यांना, असं खालपर्यंत. (त्यांनीच नोंदवलेली एक गोष्ट मात्र पुढे बरेच जण विसरले. कधीकधी ‘अ’ ही ‘ब’ला टोचते, ‘ब’ ही ‘क’ला, आणि ‘क’ उलट ‘अ’ला!) पुढे १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांमध्ये असाच सत्तासंघर्ष पाहिला. अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकानं ही कल्पना सर्वत्र पोचवली, आणि लांडग्यावरून ती कुत्र्यावर येऊन बसली.

पण शेंकेल यांचे लांडगे कोंडलेले होते. ज्यांना निघून जायची सोय नाही अशांना एका कुंपणात ठेवलं तर भांडणं होणारच. मेक यांनी पुढं कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ अनेक उन्हाळे काढले. तिथं टोळी म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिलं. ज्यांना ‘अल्फा’ म्हणायचं ते केवळ आई-बाप! लढून कोणी नायक झालेलं नसतं. १९९९ साली मेक यांनी हे स्पष्ट लिहिलं आणि आपलं जुनं पुस्तक छापू नका म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. स्वतःच्याच गाजलेल्या पुस्तकाविरुद्ध असा आग्रह धरणारे लेखक फार नसतात.

तेव्हा ‘अल्फा’ बाजूला ठेवून शेरूकडे पुन्हा पाहू. सुरुवात गादीपासूनच करू.

मे महिन्यात शेरूला गादी हवी आहे का? शेरूचं वजन चिंगीच्या सहापट. दोघांची ठेवण ढोबळमानानं सारखी धरली तर शेरूची लांबी चिंगीच्या सुमारे १.८ पट आणि कातडीचं क्षेत्रफळ सुमारे ३.३ पट येतं. (सहाचं घनमूळ, आणि मग त्याचा वर्ग. नववीच्या मुलांकडून हे गणित जरूर करून घ्यावं.) म्हणजे उष्णता तयार करणारं शरीर सहापट, पण ती बाहेर टाकणारी कातडी फक्त ३.३ पट. दर किलोमागे शेरूच्या वाट्याला चिंगीच्या निम्म्याहून थोडीच जास्त कातडी येते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. शेरूला अंग गार करायला धापा टाकणं आणि थंड जमीन हेच मोठे आधार. बाईंच्या घरी शहाबादी फरशी आहे. आपण ज्याला शेरूची शरणागती समजून हसत होतो, तो बराचसा त्याचा स्वतःचा सोयीचा बेत असावा.

ज्या गोष्टीची किंमत दोघांना सारखी नाही, तिच्यासाठी दोघं सारख्या हिरिरीनं लढत नाहीत. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ साली प्राण्यांच्या झुंजींचं गणित मांडलं. जिंकून मिळणारा फायदा एका पारड्यात आणि जखमांचा तोटा दुसऱ्या पारड्यात टाकला, की बहुतेक भांडणं गुरगुरण्यावर का मिटतात ते कळतं. जिंकणाराही फाटक्या कानानं घरी जातो. ताकद, वस्तूची गरज, जागा आधी कोणी धरली असे फरक असतील तर त्यांच्यावरून वाद न लढताच सुटू शकतो. ताकद हा त्यातला फक्त एक फरक.

पण एवढ्यानं सगळं सुटत नाही. डिसेंबरात फरशी गार पडते. तेव्हा शेरूला गादी खरोखर हवी असते, हे त्याच्या घुटमळण्यावरून दिसतं. तरीही चिंगीनं ओठ उचलला की तो मागं फिरतो. इथं इतिहास पाहावा लागतो. चिंगी चार वर्षांची असताना शेरू या घरात आला, दोन महिन्यांचा. त्या वयाचं अल्सेशियनचं पिल्लू पाच-सहा किलोंचं असतं, म्हणजे त्या दिवशी दोघांचं वजन जवळजवळ सारखं होतं! एक मात्र जाणती कुत्री होती आणि दुसरं दूध सुटलेलं पोर. कोणत्या वेळी जवळ जायचं नाही हे शेरू तेव्हा शिकला. पुढच्या वर्षभरात शरीर सहापट झालं. पण शिकलेला धडा पुन्हा तपासून पाहायचं त्याला कारणच पडलं नाही. रोम शहराच्या कडेला राहणाऱ्या मोकाट कुत्र्यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही वयाचं महत्त्व दाखवतो. तिथं प्रौढ कुत्र्यांपुढे तरुण नमतात आणि तरुणांपुढे पिलं. (आपल्या जोडीत चिंगी मादी आहे आणि शेरू नर, हाही एक फरक आहेच. एका जोडीवरून नियम काढू नये.)

आणि चेंडू? चेंडू शेरूचा. त्याच्या तोंडात चेंडू असताना चिंगी भुंकून घर डोक्यावर घेते, पण जवळ जात नाही. मग या घरात राज्य कोणाचं? ब्रिस्टल विद्यापीठातल्या जॉन ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी एकत्र राहणाऱ्या १९ कुत्र्यांचं निरीक्षण केलं. त्यांना वरपासून खालपर्यंत एक उतरंड सापडली नाही. दोघादोघांमधले शिकलेले संबंध तेवढे दिसले (२००९). याउलट नेदरलँड्समधल्या संशोधकांना २०१५ साली, कोण कोणापुढे अंग झुकवतं हे मोजल्यावर, एका गटात बऱ्यापैकी सरळ उतरंड दिसली. वाद मिटलेला नाही. काय मोजायचं ठरवलं यावर उत्तर बरंच अवलंबून असतं, आणि हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

लहान कुत्रा आपला आकार अगदीच विसरतो असंही नाही. नर कुत्री खांबावर पाय वर करून खूण ठेवतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या बेटी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी हा कोन मोजला (२०१८). लहान नर आपल्या मानानं पाय अधिक वर उचलतात असं त्यांना आढळलं. वास घेणाऱ्याला खूण जितकी उंच, तितका मालक मोठा वाटणार! थाप मारण्याचा हा प्रकार असू शकतो.

आता हसण्यापलीकडची गोष्ट. बाईंना कोणीतरी सल्ला दिला होता की मोठ्या कुत्र्याला नायक ठरवा, जेवण त्याला आधी द्या आणि चिंगी गुरगुरली की तिला उताणं पाडून दाबून धरा. बाईंनी दोनदा तसं केलं. तिसऱ्यांदा हात पुढे करताच चिंगीनं तो फोडला. आता ती कोणी वरून हात आणला की बिचकते. अमेरिकेतल्या न्यू स्कीट इथल्या मठवासीयांच्या १९७८ सालच्या पुस्तकामुळे ही पद्धत पसरली होती आणि पुढच्या आवृत्तीत त्यांनीच ती मागं घेतली. पेनसिल्व्हेनियातल्या एका पाहणीत (२००९) कुत्र्याला असं उताणं पाडणाऱ्या मालकांपैकी ३१ टक्क्यांनी सांगितलं, की कुत्रा उलटून अंगावर आला. त्यातही गुरगुरण्याबद्दल शिक्षा करणं सगळ्यात घातक. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली तर कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावायला शिकतो.

चिंगी-शेरूचा समझोता टिकतो तोही या सूचनांवरच. ओठ उचलणं, नजर वळवणं, जांभई, खेळायला बोलावताना पुढचे पाय टेकून मागचं अंग वर ठेवणं, ही भाषा पाच किलोंची आणि तीस किलोंची एकच. खेळात शेरू आपणहून उताणा पडतो आणि चिंगीला छातीवर नाचू देतो. पण ताटलीवरून, किंवा घाबरून पळणाऱ्या लहान कुत्र्याला भक्ष्य समजून मोठ्यानं एकदाच तोंड टाकलं, तरी लहानाचा जीव जाऊ शकतो. ‘‘आमचा शेरू गरीब आहे हो’’ हे खरं असलं, तरी दोन ताटल्या दोन खोल्यांत असाव्यात.

मुलांना निरीक्षण द्यायचं असेल तर ओळखीच्या घरातली दोन कुत्री निवडावीत. वहीत तीन रकाने पुरेत: वस्तू कोणती, आधी ती कोणाजवळ होती, मागं कोण सरलं. गादी, चेंडू, दार, मालकाची मांडी, प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवावी. अंतर राखून पाहावं, मुद्दाम खाऊ टाकून भांडण लावू नये आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांजवळ मुलांना नेऊ नये. चावा किंवा ओरखडा झालाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

चिंगी आता अकरा वर्षांची आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, त्यामुळे शेरू नजर वळवतो ते तिला दिसत नाही आणि ती उगाचच गुरगुरत राहते. बाईंनी दिवाणाखाली शेरूसाठी जाड गोणपाट घातलं आहे. चिंगीला उडी झेपत नाही म्हणून हल्ली बऱ्याचदा गोणपाटावर ती असते, आणि शेरू, गादी मोकळी असूनही, शेजारी फरशीवर.